बिनफरशीचा साकव

मार्च लागला की मी घरात चिडचिड करतो, हे आता आमच्याकडे सगळ्यांना पाठ झालं आहे. खरं तर किती चांगले दिवस असतात हे. विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत कडुलिंबाला नवी पालवी फुटलेली असते, सकाळच्या हवेत अजून थोडा गारवा असतो, तासगावकडून द्राक्षांची पेटी येते आणि घरभर तिचा आंबटगोड वास राहतो. माणसाने खुशीत असावं. आणि मी मात्र वर्तमानपत्राची घडी नीट पडली नाही म्हणून बोलतो, चहा गोड झाला म्हणून बोलतो, कुणी दार आपटलं तर दचकून उठून बसतो. बायको होती तोवर ती शेजारणीला हसत सांगायची, "आमच्याकडे मार्च आलाय, पंधरा दिवस सांभाळून घ्या." ती गेली. आता हे वाक्य सुनेकडे आलं आहे.

सून सरकारी नोकरीत आहे आणि गावोगावच्या विकासकामांचे अहवाल तिच्याकडे येतात. म्हणजे मी जे आयुष्यभर केलं तेच, फक्त तिच्यापुढे कागदाऐवजी पडदा असतो. परवा संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती बसली होती आणि मी पलीकडे गवार मोडत होतो. तिने मान वर न करता विचारलं, "बाबा, एका गावाची पाण्याची टाकी झालीय, वरचं झाकण तेवढं राहिलंय. दोन दिवसांत बसेल. पूर्ण टाकू का? आज शेवटचा दिवस आहे." मी "नको" म्हणालो. पण इतक्या मोठ्याने म्हणालो की आतून नात बघायला आली. सुनेने तिथे 'काम चालू' असं टाकलं आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, की आता फोटो जोडावा लागतो, आता तसं कुणी करत नाही. मी मनात म्हटलं, फोटो काढणाऱ्याला कुठे उभं राहायचं ते बरोबर कळतं. गवार तशीच टाकून मी गॅलरीत जाऊन बसलो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पाठोपाठची ती वर्षं. मी सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो, सांख्यिकीचा. हे पद ऐकून लोकांना काही बोध होत नसे. शेतीचा विस्तार अधिकारी बियाणं घेऊन जायचा, पशुसंवर्धनाचा इंजेक्शनची पेटी घेऊन जायचा, गावात त्यांची वाट पाहिली जायची. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. मी नुसता विचारायचो आणि लिहून घ्यायचो. गावांना विकासाचं अनुदान मिळे. त्यातून कुठे विहीर होई, कुठे शाळेची खोली, कुठे रस्ता. त्यातलं किती झालं, ते दर तीन महिन्यांनी वर कळवायचं. कामाचं नाव, उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी आणि शेरा. असे पाच रकाने. या रकान्यांवर माझा फार जीव होता. माझं अक्षर चांगलं, खाडाखोड मला सहन व्हायची नाही, आणि आमच्या समितीचा अहवाल जिल्ह्यात सगळ्यांत स्वच्छ म्हणून नावाजला जायचा. सत्तावीस वर्षांच्या माणसाला तेवढं पुरतं.

त्या भागात जमीन अधूनमधून हलायची. कपाटाच्या काचा खुळखुळायच्या, तांब्यातलं पाणी थरथरायचं, सगळे एकमेकांकडे एकदा बघायचे आणि टंकलेखक जिथे थांबला होता तिथून पुढे टाईप करायला लागायचा. सदुसष्टच्या भूकंपात अख्खी घरं बसलेली पाहिलेली ती माणसं एवढ्या तेवढ्याने उठत नसत. मी पडलो कोरड्या मुलखातला. सांगलीच्या पूर्वेला, जिथे आभाळ मोठं आणि पाणी थोडं, तिथे माझं गाव. मला तिथल्या घाटांची, धुक्याची, पायाखालच्या हादऱ्यांची सवय व्हायला वेळ लागला. अहवालाची मात्र लगेच झाली. बाहेर सगळं हललं तरी रकाने हलत नाहीत, असं मला तेव्हा वाटायचं.

मार्चमध्ये समितीच्या व्हरांड्यात ग्रामसेवकांची जत्रा भरायची. बगलेत पिशव्या, पिशव्यांत गावाचे कागद, कागदांत गुंडाळलेली भाकरी. आत स्टेन्सिलचा मेणचट वास, बाहेर उन्हात तापलेल्या सायकली. प्रती काढायच्या सायक्लोस्टाईल यंत्राच्या शाईने काळी झालेली बोटं रात्री जेवतानाही तशीच दिसायची. ज्याचं काम थोडं राहिलेलं असे तो माझ्या टेबलाशी रेंगाळायचा. तिथे छप्पर चढायचं राहिलंय, तिथे गिलावा राहिलाय. मग हळूच म्हणायचा, "सायेब, तेवढं पूर्ण करा की." जसं काही माझ्या पेनानेच गिलावा होणार होता. आणि मी करायचो. हे सगळेच करत. एकतीस मार्चला काम पूर्ण दिसलं नाही की अनुदान परत जाई, आणि आधीचं पूर्ण नसेल तर त्या गावाला पुढचं मिळत नसे. कुणी एक दगडसुद्धा घरी नेत नव्हता. आठ-पंधरा दिवसांचं काम बाकी असायचं आणि ते पाऊस पडायच्या आत खरोखर व्हायचंही. मार्चमध्ये लिहिलेलं मेमध्ये खरं व्हायचं, म्हणून ते खोटं आहे असं कधी वाटलंच नाही.

त्या वर्षी एका वाडीचा साकव होता, म्हणजे ओढ्यावरचा पायी जायचा लहान पूल. वाडीचं नाव मी लिहीत नाही. गाव ओढ्याच्या अलीकडे आणि वाडी पलीकडे. वाडीची भातखाचरं मात्र अलीकडे, गावाच्या अंगाला. पावसाळ्यात कोयना चढली की ओढ्याच्या तोंडाशी पाणी तुंबून डोहासारखं उभं राहायचं, आणि त्या उभ्या पाण्यातून समितीने दिलेली होडी माणसं ने-आण करायची. वरच्या अंगाला ओढा अरुंद होता पण ओढ भयंकर. तिथे साकव बांधायचा होता. मी मार्चच्या मध्याला पाहणीला गेलो तेव्हा दगडी खांब उभे राहिले होते. त्यांच्यावर काँक्रीटच्या फरश्या ओतायच्या होत्या. खडी, वाळू, सळया सगळं काठावर येऊन पडलं होतं. फक्त सिमेंट नव्हतं. तेव्हा ते परमिटवर मिळायचं, आणि परमिट कुठल्या तरी टेबलावर अडकलं होतं.

सरपंच म्हणजे सुभेदार. पलटणीतून निवृत्त होऊन आले होते, मिशा पांढऱ्या, चालताना अजून पाय आपटत. राहायला वाडीतच. त्यांच्याकडे जेवायला थांबलो. सुभेदारांचा मुलगाही फौजेत, सरहद्दीवर कुठेतरी. घरात सुभेदार आणि सून. सून वाढत होती. मी भाकरीचं काहीतरी म्हणालो, तशी ती दाराआडून एकदम म्हणाली, "सायेब, तुमी आमच्या वळणाचं बोलता. कुटलं तुमी?" मी गाव सांगितलं. ती तासगावकडची होती. तिचे वडील आणि सुभेदार एका पलटणीतले दोस्त, तिथून हे स्थळ जुळलेलं. माहेरच्या दिशेचं माणूस भेटलं म्हटल्यावर तिने मला निम्म्यातून उठू दिलं नाही. नाचणीची भाकरी मला आवडणार नाही हे तिचं तिनेच ठरवलं आणि कुठून तरी शाळूचं, आमच्याकडच्या ज्वारीचं, पीठ काढून एक भाकरी वेगळी थापली. तिचं नाव पारू. वीस-एकवीस वर्षांची असेल.

निघताना तिने मला विचारलं, "पावसाच्या आदी व्हतोय न्हवं पूल? मला पान्याचं लय भ्या वाटतं. आमच्याकडं कुटं असलं पानी." मी हसलो. आमच्याकडे विहिरीत उतरूनसुद्धा बुडायची सोय नसते, असं काहीतरी म्हणालो. ती हसली. होईल की, आता काय, फरश्याच तर राहिल्यात, असंही म्हणालो. हे मी तिला खूश करायला बोललो नव्हतो, मला खरंच तसं वाटत होतं.

पूर्णत्वाच्या दाखल्यावर सरपंचाची सही लागायची. सुभेदार सही करेनात. "झालं न्हाई ते झालं कसं लिवायचं?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. फौजेत चौकी ताब्यात आल्याशिवाय आली म्हणून कळवलं तर मागून येणारी माणसं मरतात, असं ते म्हणाले. ग्रामसेवकाने हात टेकले, तेव्हा मी मध्ये पडलो. मला पाठ असलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. अनुदान परत जाईल, वाडीच्या शाळेची खोली पुढच्या वर्षीच्या यादीत आहे ती जाईल, सिमेंट काय आज ना उद्या येतंच. माझ्या वाणीवर तेव्हा माझा विश्वास होता. सुभेदारांनी एकदा ओढ्याकडे बघितलं आणि सही केली. पुढे पाडव्याला सभापतींनी येऊन त्या उघड्या खांबांवर नारळ फोडला, पेढे वाटले. त्या खोऱ्यात नारळ फुटला म्हणजे काम झालं, असंच लोक धरत. सुभेदारांनीही त्या आनंदात सोयऱ्यांना पत्रं घातली की वाडीला पूल झाला.

अहवालाच्या कच्च्या प्रतीत मी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सिमेंटअभावी फरश्या बाकी'. आमचे गटविकास अधिकारी भले गृहस्थ होते, कुणाला कधी टाकून बोलायचे नाहीत. त्यांनी ते वाचून एवढंच म्हटलं, की शेरा दिसला की वरचे प्रश्न विचारतात, शेरा कशाला? मी खोडरबर घेतलं. त्या वर्षी आमचा तालुका शंभर टक्के ठरला. जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांना शाल मिळाली आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून माझंही कौतुक केलं. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो, घाटात पांगारा फुलला होता, आणि मी इतका सुखात होतो की अजून ते सुख मला आठवतं. त्याचीच जास्त लाज वाटते.

पण आता जे लिहायचं आहे ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. मेअखेरीला पावसाळ्यातल्या होड्यांची यादी करायची असे. दुसऱ्या एका गावाने होडी मागितली होती आणि समितीकडे जादा होडी नव्हती. साहेबांनी मला बघायला सांगितलं. मी माझा मार्चचा अहवाल काढला, पूर्ण कामांची यादी चाळली, आणि तिथे मला तो साकव दिसला. मी टिपणी लिहिली, की सदर वाडीस साकव झालेला असल्याने तेथील होडीची आवश्यकता राहिलेली नाही, ती मागणी केलेल्या गावास द्यावी. खाली माझी सही. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी दडपण आणलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी जे खोटं मी स्वतःच्या हाताने लिहिलं, ते छापून आल्यावर मला खरं वाटलं होतं. लिहिताना पारू आठवली नाही, उघडे खांब आठवले नाहीत. कागद समोर होता आणि त्यावर साकव होता. माणूस दुसऱ्याला फसवतो हे मी पुष्कळ पाहिलं आहे. पण माझ्याच अक्षराने मला असं फसवावं, याचा मला आजही उलगडा होत नाही.

होडी गेली. सिमेंट आलं नाही. आषाढ लागला, लावणी आली. वाडीच्या बायकांना रोज अलीकडे खाचरांत जायचं होतं. वाडीच्या गड्यांनी त्या खांबांवर ओंडके टाकले, दोरांनी बांधले, आणि बायका एकमेकींचा हात धरून, डोक्यावर पावसासाठी पानांची इरली घेऊन त्यावरून जाऊ-येऊ लागल्या. सुभेदारांनी होडीसाठी दोन अर्ज पाठवले. ते माझ्याकडेच आले असणार. त्या दिवसांत मी जूनचा तिमाही अहवाल करत होतो. पूर्ण झालेलं काम पुढच्या अहवालात येत नाही, त्यामुळे त्या साकवाची ओळच तिथे नव्हती, आणि अर्ज फाइलला लागून गेले.

एका दुपारी लावणी आटोपून परत येताना ओंडका फिरला. चौघी होत्या. पारू शेवटची. पुढच्या बाईचा हात तिने सोडला, नाहीतर दोघी गेल्या असत्या, असं त्या बायकाच सांगत. ती दुसऱ्या दिवशी खाली, डोहाच्या काठाला सापडली. तिथेच पूर्वी होडी लागायची.

मला हे ग्रामसेवकाकडून कळलं. मी टेबलाशी होतो. साहेबांनी मला आत बोलावलं. ते खरोखर हादरले होते. पण दोन दिवसांत सगळं जागेवर बसू लागलं. साकव पूर्ण होता हे कागदावर होतंच, म्हणून पंचनाम्यात 'साकवावरून पाय घसरून' असं आलं. मग आठवड्याभराने मोठा पूर आला, आणि त्याच्या अहवालात मी लिहिलं की अतिवृष्टीमुळे सदर साकवाच्या फरश्या वाहून गेल्या. कधी ओतल्याच न गेलेल्या फरश्या. त्यामुळे पुराच्या दुरुस्तीतून सिमेंट मिळालं. दसऱ्याच्या सुमाराला फरश्या ओतूनही झाल्या. साहेब म्हणाले, निदान आता पुढच्या पावसाळ्यात कुणाचा जीव जायला नको. ते खरंच होतं, आणि मी तेवढंच धरून बसलो.

सुभेदार श्रावणात कचेरीत आले होते. कपडे इस्त्रीचे, मिशा नीट, डोळे मात्र सुजलेले. त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहून आणला होता, की मार्चमध्ये मी खोट्या दाखल्यावर सही केली, साकव झाला नव्हता, माझ्या सुनेचा त्यात दोष नाही. साहेबांनी तो वाचला, त्यांना चहा दिला, आणि शांतपणे सांगितलं की यात पहिले तुम्हीच अडकाल. सुभेदार म्हणाले, "अडकू द्या. तिचं म्हायेर म्हनतंय, पूल असताना पोरगी पान्यात पडंलच कशी. तेराव्याला बी कुनी आलं न्हाई. आमी जाच केला म्हनून तिनं जीव दिला, असं बोलत्यात." साहेब म्हणाले, बघू. मला खुणेनेच सांगितलं, की अर्जाची नोंद करू नका. सुभेदार माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. अर्ज दिला की पोच घ्यायची, फौजेतली शिस्त. मी शिक्क्याचा डबा उघडला, बंद केला, आणि म्हणालो की आवकचा कारकून रजेवर आहे, परवा या. ते परवा आले. मग पुढच्या आठवड्यात आले. मग आले नाहीत.

मी आजही पुलावर पाऊल टाकण्याआधी एक क्षण थांबतो. सांगलीत कृष्णेच्या पुलावरून फिरायला जाणारे माझ्या वयाचे लोक गप्पा मारत पुढे निघून जातात आणि मी कठड्याला हात लावून मागे राहतो. गुडघे दुखतात, असं सांगतो. आंघोळ करताना बादली भरत आली की पाण्याचा आवाज बदलतो, तो मला ऐकवत नाही, मी नळ आधीच बंद करतो. सून समजते, सासरे पाणी वाचवतात. पुढे मला बढत्या मिळाल्या, मी जिल्ह्याजिल्ह्यांत अहवाल तपासत हिंडलो, नव्या पोरांना शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवू नका म्हणून ओरडलो, कडक म्हणून नाव झालं. कुणाला वाटेल, चूक कळली म्हणून माणूस सुधारला. तसं नाही. चूक मला तेव्हाही कळली होती. दुरुस्त करायची वेळ माझ्यापुढे चालत आली होती, ती सांगायची राहिली आहे.

दिवाळी होऊन गेल्यावर पारूचा थोरला भाऊ आला. सकाळची अकराची वेळ, कचेरी भरलेली. धोतर, कोट, डोक्याला पटका, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. तासगावाहून तीन एसट्या बदलून आला होता. त्याने माझं नाव विचारलं आणि पिशवी टेबलावर ठेवली. म्हणाला, पारू सांगायची, आपल्या वळणाचा एक साहेब आहे तिकडे, आपल्यासारखं बोलतो. म्हणून तो साहेबांकडे न जाता माझ्याकडे आला होता. आदल्या दिवशी तो वाडीला जाऊन आला होता. साकवावरून चालत गेला होता. सुभेदारांनी त्याला सांगितलं की आषाढात हा नव्हता, ओंडके होते. गावानेही तेच सांगितलं. पण गाव सुभेदारांचं, आणि पूल त्याच्या पायाखाली होता. त्याने तलाठ्याकडून पंचनामा वाचून घेतला होता, पुरात फरश्या गेल्या ती तारीखही विचारून घेतली होती. ती तारीख बहीण गेली त्याच्यानंतरची होती, म्हणजे कागदाप्रमाणे ती गेली तेव्हा पूल जागेवर होता.

तो माझ्या समोरच्या बाकावर टेकला आणि हळू आवाजात म्हणाला, "सुभेदार आमच्या बाचं दोस्त. त्यांच्यावर आळ घ्यायचा माजा जीव हुईना. पन त्यांचीच सई हाय दाखल्यावर, पूल झाला म्हनून. आता कुनाचं खरं धरायचं? तुमी आमच्याकडचं. तुमी सांगाल ते मी खरं धरतो. आखाडात पूल हुता का न्हवता?"

साहेबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी फाइल काढली. खरं तर काढायची काय गरज होती. मी पानं उलटली, ती ओळ शोधली, तिच्यावर बोट ठेवलं. माझंच अक्षर होतं, स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही. तो माझ्या बोटाकडे बघत होता, त्याला वाचता येत नव्हतं.

"होता," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "जेठात आलती म्हायेराला. म्हनली, वड्याला पूल न्हाई, व्हडी बी नेली, ओंडक्यावरनं जावं लागनार हाय म्हनत्यात, मला भ्या वाटतंय. पाऊसकाळ सरूस्तवर ऱ्हाऊ द्या. आई म्हनली, आगं नारळ फुटला, सुभेदारांचं पत्र आलं. ती न्हाई न्हाईच म्हनत हुती. आमाला वाटलं, नांदायचं नसंल म्हनून खोटं बोलतीया. मीच तिला दटावली. मीच यष्टीत बसवून दिली." तो उठला. पटका सारखा केला. "म्हंजी खोटंच बोलत हुती. काय दुख हुतं तिला, ते काय आमाला सांगितलं न्हाई."

उठून त्याच्या मागे जायला मला दहा पावलं लागली असती. तो व्हरांडा ओलांडून गेला, पायऱ्या उतरला, एसटी स्टँडच्या रस्त्याला लागला, आणि मला खिडकीतून तो बराच वेळ दिसत होता. साहेबांनी हाक मारली. मी फाइल घेऊन आत गेलो.

दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं ते कायमचं, असं पुढे ग्रामसेवकाकडून कळलं. सुभेदार चार-पाच वर्षांत गेले. मी इतकी वर्षं सांगलीत आहे, तासगाव इथून तासाभराच्या अंतरावर, आणि मी त्या गावात एकदाही पाय ठेवला नाही. भाऊ आता असला तर ऐंशी ओलांडून गेला असेल. नसला तर बहिणीने जीव का दिला हा घोर घेऊनच गेला असेल. त्या घरातलं कुणी हे वाचेल की नाही, मला माहीत नाही. पण आषाढात त्या ओढ्यावर पूल नव्हता. पारू खरं बोलत होती.